भूकंप आणि ज्वालामुखी : परीक्षेसाठी उदाहरणांची उजळणी कशी करून घ्यावी?



पूर्वपरीक्षेचे भूगोलाचे पेपर तपासत होते. एका मुलीने लिहिलं होतं, "११ डिसेंबर १९९३ रोजी पहाटे कोयना धरणामुळे किल्लारी येथे ६.३ रिश्टर स्केलचा भूकंप झाला. त्यात १८० लोक मृत्युमुखी पडले." हस्ताक्षर सुंदर, आकड्यांखाली निळ्या पेनाने रेघा, समास व्यवस्थित. मुलगी अभ्यासू आहे, हे मला माहीत आहे. तिने पाठ केलं नव्हतं असं मुळीच नाही. उलट सगळं पाठ केलं होतं. त्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या भूकंपाच्या बाबतीत खरा आहे. फक्त दोन भूकंप एकमेकांत मिसळले होते.

आधी मी लाल पेनाने फुली मारली. मग पुढचे पेपर बघत गेले, तर असाच घोटाळा आणखी सात-आठ जणांचा. तेव्हा वाटलं, चूक एका मुलीची नाही. उजळणी करून घेण्याची आपली पद्धतच चुकते आहे.

आपण काय करतो? फळ्यावर तक्ता काढतो. ठिकाण, दिनांक, महत्ता, मृतांची संख्या, उपाययोजना. मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. तक्त्यात सगळे भूकंप एकसारखे दिसतात, म्हणून डोक्यातही एकसारखेच राहतात. त्यात कोयना आणि किल्लारी ही जोडी तर फारच फसवी. दोन्ही महाराष्ट्रातले. दोन्ही पहाटेचे : कोयनेचा ४ वाजून २१ मिनिटांनी, किल्लारीचा ३ वाजून ५६ मिनिटांनी. महत्ताही जवळपास सारखी, एकाची ६.३ आणि दुसऱ्याची ६.२. मग मुलांनी घोळ घालू नये तर काय करावं!

पण गंमत अशी की, हीच जोडी शिकवायला सर्वात चांगली आहे. राज्य तेच, प्रहर तोच, महत्ताही तेवढीच, आणि मृत्यू? कोयनेला सुमारे १८०, किल्लारीला सुमारे ८,०००. फळ्यावर फक्त एवढंच लिहावं आणि वर्गाला विचारावं, "का?" माझा सगळा तास आता या एका 'का'वर चालतो.

किल्लारी : आधी घर काढायचं, मग आकडे

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून, थकून माणसं झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरची गावं. किल्लारी औसा तालुक्यातलं, तर सास्तूर पलीकडच्या जिल्ह्यातलं.

मी मुलांना आधी आकडे देत नाही. वहीत एक घर काढायला लावते. मराठवाड्यातलं माळवदाचं घर. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे बारीक दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दर काही वर्षांनी वर आणखी माती टाकायची. म्हणजे घर जितकं जुनं, तितकं डोक्यावरचं ओझं जास्त.

उन्हाळ्यात हे घर इतकं गार असतं की काय सांगावं. तिथल्या हवेला ते अगदी योग्य आहे आणि लोक अडाणी होते म्हणून त्यांनी तसं बांधलं, असं मुळीच नाही. मुलांच्या उत्तरात "लोकांच्या अज्ञानामुळे" असं वाक्य आलं की मी ते खोडते. वाळत घातलेल्या कपड्यांपासून धान्यापर्यंत सगळ्यांना उपयोगी पडणारं, पिढ्यान्‌पिढ्या तपासलेलं घर होतं ते. फक्त आडव्या हादऱ्याची परीक्षा त्याला कधी द्यावी लागली नव्हती.

आता मुलांना सांगायचं, जमीन आडवी हलली. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, आतले दगडगोटे ढासळले, वरचा मातीचा डोंगर खाली आला. झोपलेला माणूस दगडाखाली सापडला आणि वर मातीने गाडला गेला. काही घरांत लाकडी खांब पक्के होते, तिथे भिंती पडल्या तरी छत खांबांवर तरंगत राहिलं आणि आतली माणसं वाचली. छपराच्या झोपड्या तर बऱ्याच टिकल्या. म्हणजे गावातल्या वाड्यापेक्षा वस्तीवरची झोपडी सुरक्षित ठरली. हे सांगितल्यावर वर्गात एक क्षण शांतता पसरते. "जीवितहानी जास्त का झाली?" या चार गुणांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या शांततेतच तयार होतं.

उरलेलं निम्मं उत्तर नकाशावर. पुस्तकात भूकंपाचे पट्टे दिलेले असतात : पॅसिफिकभोवतीचं अग्निकंकण, हिमालय, भूमध्य समुद्राचा भाग. किल्लारी यातल्या कशातच बसत नाही. ती भूपट्टाच्या कडेवर नाही, आत आहे, भारताच्या जुन्या, स्थिर मानलेल्या पठारावर. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकतो, हिमालयाशी अडतो, आणि त्या रेट्याचा ताण पट्टाच्या आतल्या जुन्या कमकुवत भागांवरही येतो. तिथे तो फार हळू साठतो, म्हणून माणसाच्या आठवणीत भूकंप नसतो. भूकंपनाभीही उथळ होती, साधारण १० किलोमीटर खोलीवर. उथळ भूकंपाचा हादरा वरच्या गावांना जवळजवळ तसाच्या तसा बसतो.

आणखी एक गोष्ट, जी मुलं कधीच विसरत नाहीत. १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने या भागात छोटे धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक घाबरले होते. मग ते थांबलं. लोक पुन्हा कामाला लागले. "मग शास्त्रज्ञांना कळायला नको होतं का?" असा प्रश्न येतोच. प्रामाणिक उत्तर द्यावं : छोट्या धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असं नाही, बहुतेक वेळा येत नाही, आणि भूकंपाचा दिवस-वेळ आजही कोणालाच सांगता येत नाही. घर कसं बांधायचं, एवढं मात्र सांगता येतं.

नंतर ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, आणि २००२ साली देशाचा भूकंप नकाशा सुधारला तेव्हा सर्वात खालचा पट्टाच काढून टाकला गेला. किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. 'परिणाम' या मुद्द्याखाली हे लिहिणारं मूल मला तरी आजवर क्वचितच भेटलं. पण लिहिलं, तर तपासणारा नक्की थांबून वाचतो.

इथे स्वतःबद्दल थोडं सांगते. काही वर्षांपूर्वी हाच धडा घेताना मी नेहमीच्या सुरात तक्ता वाचत होते, "मृत : सुमारे आठ हजार, पुढचं लिहा." मागच्या बाकावरचा एक मुलगा लिहीत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं गणपती उठले की आजी त्या रात्री झोपत नाही. अंगणातच बसून राहते." त्याचं कुटुंब त्याच भागातून कामासाठी इकडे आलेलं. मला हे माहीतच नव्हतं. मी किराणा सामानाची यादी वाचावी तसं वाचत होते, आणि त्याच्या घरातली माणसं त्या यादीत होती. त्या दिवसापासून धडा सुरू करण्याआधी मी विचारते, कोणाच्या घरात याची आठवण आहे का? सांगायचं नसेल तर सांगू नका. आणि ज्या मुलाला त्या तासाला बाहेर बसायचं असेल, त्याला मी ग्रंथालयात पाठवते. शिक्षकांनी एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं. तो मुलगा, अर्थात, किल्लारीची तारीख कधीच चुकला नाही.

कोयना : 'धरणामुळे' हा शब्द जपून

११ डिसेंबर १९६७. धरण १०३ मीटर उंच, शिवसागर जलाशयात पाणी साठवायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. पाच वर्षांनी मोठा भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं आणि पुढे मजबूत केलं गेलं. कोयनानगरची मात्र मोठी पडझड झाली.

मुलं लिहितात, "धरणाच्या वजनामुळे भूकंप झाला." अर्धं बरोबर. खडकात भ्रंश आधीपासून होता, त्यावर ताणही होता. पाण्याच्या वजनाने भर पडली आणि मुख्य म्हणजे पाणी भेगांतून खोल झिरपलं. भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंच्या खडकांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि ते घसरतात. मी वर्गात दोन वह्या एकमेकींवर घट्ट दाबून सरकवायला लावते आणि मग दाब थोडा कमी करून पुन्हा सरकवायला. मुलांना लगेच कळतं. म्हणून उत्तरात "जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळाली" असं लिहावं. चालना हा शब्द महत्त्वाचा. कोयना परिसरात आजही लहान धक्के बसतात, आणि या अभ्यासासाठी कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोयना भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं आहे. हे ऐकून मुलं हमखास विचारतात, "लाव्हा नाही का लागला?" नाही लागत. इतक्या खोलीवर घट्ट खडकच असतो.

आणि १८० विरुद्ध ८,०००? कोयनेचा परिसर डोंगराळ, वस्ती विरळ. किल्लारीभोवती एकमेकांना लागून दाट वस्तीची गावं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर माळवद. हे एका वाक्यात लिहिता आलं की तक्ता पाठ करायची गरजच उरत नाही.

महत्ता आणि तीव्रता

इथे पालकांसाठी थोडं. वर्तमानपत्रं "तीव्रता ६.२ रिश्टर" असं लिहितात आणि मुलं तेच उचलतात. महत्ता म्हणजे भूकंपात किती ऊर्जा बाहेर पडली त्याचं माप. ते एका भूकंपाला एकच असतं. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी किती हादरलं, किती पडलं. ती गावागणिक बदलते. दिवा एकच, पण त्याच्याजवळ उजेड जास्त, लांब गेलं की कमी. बल्बवर छापलेला आकडा म्हणजे महत्ता आणि तुमच्या पुस्तकावर पडलेला उजेड म्हणजे तीव्रता. "६.२ रिश्टर स्केलचा भूकंप" हेही चुकीचं. स्केल म्हणजे पट्टी. आपण "३० सेंटिमीटर पट्टीची वही" म्हणतो का?

महत्तेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंकांनी सुमारे १,००० पट. हे गणित कशाला, असं वाटेल. पुढच्या जोडीसाठी ते लागतं.

हैती आणि चिली : एकाच वर्षातली जोडी

१२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० महत्तेचा भूकंप झाला. २७ फेब्रुवारी २०१० ला, दीड महिन्याने, चिलीत ८.८ महत्तेचा. चिलीच्या भूकंपाची ऊर्जा हैतीच्या सुमारे ५०० पट होती. चिलीत सुमारे ५२५ माणसं गेली. हैतीत किती गेली त्याचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांच्या वरपर्यंत आहेत. एवढी मोठी तफावत कशी, असं मुलं विचारतात. ज्या देशाचं सरकारी कामकाजच ढिगाऱ्याखाली गेलं, तिथे मोजणार कोण? अध्यक्षांचा प्रासादसुद्धा कोसळला होता.

हैतीची नाभी उथळ, सुमारे १३ किलोमीटरवर, आणि अपिकेंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून साधारण २५ किलोमीटरवर. चिलीचं अपिकेंद्र समुद्रात आणि नाभी जास्त खोल. हा झाला भूगोलाचा भाग. दुसरा भाग माणसांचा. चिलीने १९६० मध्ये ९.५ महत्तेचा, आजवर मोजलेल्यांत सर्वात मोठा भूकंप सोसलेला. तिथे इमारतींचे नियम कडक आहेत आणि ते पाळलेही जातात. हैतीत तसे नियमच नव्हते म्हटलं तरी चालेल. पण मुलांना "चिली हुशार, हैती मागासलेला" इतकं सोपं करून देऊ नका. त्सुनामीची सूचना देण्यात चिलीच्या यंत्रणेचीही चूक झाली आणि किनाऱ्यावरची माणसं त्यात गेली. ही ओळ लिहिणाऱ्या मुलाने विचार केलाय, हे तपासणाऱ्याला दिसतं.

भूजबद्दल इथे थोडक्यात, कारण ते सगळे शिकवतातच. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, महत्ता ७.७, मृत्यू सुमारे २०,०००, हे सगळ्यांच्या वहीत असतं. वहीत नसतं ते असं : कच्छ तर आधीपासूनच सर्वात धोक्याच्या, पाचव्या पट्ट्यात होता. १८१९ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला होता, १९५६ मध्ये अंजारला झाला होता. म्हणजे किल्लारीला नकाशाने सावध केलं नाही, कच्छला केलं होतं, आणि तरीही घरं तशीच होती. वेळ सकाळची, माणसं जागी, पण प्रजासत्ताक दिन. अंजारच्या अरुंद गल्लीतून शाळेची मुलं प्रभातफेरीने चालली होती, दोन्ही बाजूंच्या इमारती त्यांच्यावर कोसळल्या. मुलांबरोबर त्यांचे शिक्षकही गेले. प्रत्येक २६ जानेवारीला आपण फेरी काढतो, तेव्हा रस्ता निवडताना मला हे आठवतं.

अपिकेंद्रापासून २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादेत नव्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांच्या तळमजल्यावर फक्त खांब, खाली पार्किंग, वर भरभक्कम मजले. मुलांना घरी जाताना आपल्या गल्लीतल्या अशा इमारती मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात येणारे आकडे ऐकून तुम्हीच गप्प व्हाल.

ज्वालामुखी : लाव्हाने माणसं मरतात हा समज

ज्वालामुखी म्हटलं की मुलं डोंगर काढतात, वरून लाल रस ओघळताना. दरवर्षी कोणीतरी लिहितंच, "लाव्हारसात २३ हजार लोक जळून मेले." हे नेवादो देल रुईझबद्दल, कोलंबिया, १३ नोव्हेंबर १९८५. आर्मेरो या गावात त्या रात्री लाव्हाचा थेंबही आला नाही.

५,३०० मीटरहून उंच, डोक्यावर बर्फ असलेला हा पर्वत. उद्रेक रात्री नऊच्या सुमारास झाला आणि तसा लहानच होता. पण तप्त राख आणि दगडांनी माथ्यावरचं थोडं बर्फ वितळवलं. ते पाणी, राख, माती, झाडं-दगड असं सगळं नदीच्या दऱ्यांतून खाली धावलं. याला लाहार म्हणतात. ओल्या सिमेंटचा पूर समजा. विवरापासून दरीच्या वाटेने ७० किलोमीटरहून जास्त अंतर कापत तो साधारण अडीच तासांनी आर्मेरोत शिरला. सुमारे २९,००० वस्तीच्या गावातली २०,००० च्या आसपास माणसं गेली. आजूबाजूची धरून एकूण २३,०००.

अडीच तास. हा आकडा फळ्यावर मोठा लिहा. गावाला लागून उंच जागा होत्या, चालत गेलं असतं तरी माणसं वाचली असती. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच, ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या भागात दाखवलेलं होतं. गाव वसलं होतं तेही १८४५ च्या जुन्या लाहारच्या गाळावर. संध्याकाळी राख पडली तेव्हा लोकांना घाबरू नका, घरात थांबा, असंच सांगितलं गेलं. रात्री वादळी पाऊस, वीज गेलेली.

आता याला जोडी पिनाटुबोची. फिलिपिन्स, लुझॉन बेट, १५ जून १९९१. हा उद्रेक रुईझच्या कितीतरी पट मोठा, विसाव्या शतकातल्या सर्वात मोठ्या उद्रेकांपैकी एक. डोंगर सुमारे ५०० वर्षं झोपलेला. बऱ्याच जणांना तो ज्वालामुखी आहे हेच माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये वाफेचे स्फोट सुरू झाले. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी भूकंपमापन यंत्रं लावली, बाहेर पडणारा वायू मोजला, इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि धोक्याचं वर्तुळ वाढवत नेत गावं रिकामी केली. जवळच्या अमेरिकी हवाई तळावरची हजारो माणसं १० जूनला हलवली. मोठा उद्रेक झाला तो पाच दिवसांनी.

पण लोकांना पटवलं कसं? इथे मी जरा रेंगाळते, कारण हा भाग शिक्षकांचा आहे. मोरिस आणि कात्या क्राफ्ट हे फ्रेंच पती-पत्नी जगभरच्या उद्रेकांचं चित्रीकरण करत. आर्मेरोनंतर मोरिस यांच्या चित्रीकरणातून धोका समजावणारी एक चित्रफीत तयार झाली : लाहार म्हणजे काय, तप्त राखेचा लोट कसा धावतो, गावाचं काय होतं. पिनाटुबोच्या वेळी तीच चित्रफीत अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली गेली. अहवालातल्या शब्दांनी जे झालं नाही, ते त्या चित्रांनी झालं. क्राफ्ट दांपत्य मात्र ते बघायला राहिलं नाही. ३ जून १९९१ ला, पिनाटुबोच्या बारा दिवस आधी, जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर दोघंही गेले.

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार पिनाटुबोच्या इशाऱ्यामुळे किमान ५,००० जीव वाचले. तरी शेकडो माणसं गेली. उद्रेकाच्या दिवशीच तिथे चक्रीवादळ आलं. पडलेली राख पावसाने भिजली, जड झाली आणि छपरं कोसळली. मुलांना इथे थांबवा आणि विचारा, "हे आपण आधी कुठे बघितलं?" कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, माळवद!"

वातावरणात गेलेल्या गंधकाच्या वायूमुळे पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. हा मुद्दा हवामानाच्या धड्यातही कामाला येतो. आणि भारताचा जागृत ज्वालामुखी बॅरन बेट, अंदमान, हाही शतकाहून अधिक काळ शांत राहून १९९१ लाच पुन्हा जागा झाला. वर्ष एकच, म्हणून लक्षात राहतं. बाकी दोघांचा एकमेकांशी संबंध जोडू नये.

उत्तर लिहिताना

आता चार गुणांचं उत्तर बघू. "किल्लारीत जीवितहानी अधिक का झाली?" नेहमीचं उत्तर असं असतं : भूकंप मोठा होता, लोक झोपेत होते, घरं कच्ची होती, मदत उशिरा पोहोचली. चारही मुद्दे कुठल्याही भूकंपाला चिकटवता येतात. 'किल्लारी' खोडून 'हैती' लिहिलं तरी उत्तर तसंच राहतं. हीच माझी कसोटी : गावाचं नाव बदलून बघायचं. उत्तर तरीही बरोबर वाटलं, तर ते उत्तर झालं नाही.

"६.२ महत्तेचा हा भूकंप जगाच्या मानाने मध्यम होता. पण नाभी उथळ असल्याने हादरा जोरात बसला. पहाटे ३.५६ ला माणसं माळवदाच्या घरांत झोपलेली होती. मातीत बसवलेल्या दगडी भिंती आडव्या हादऱ्याने ढासळल्या आणि छतावरचा मातीचा जाड थर अंगावर आला. परिसर कमी धोक्याचा मानल्यामुळे भूकंपरोधक बांधकामाचा विचार झालेला नव्हता." पाचच वाक्यं. प्रत्येकात 'म्हणून' दडलेलं आहे, आणि गाव बदललं की उत्तर मोडतं.

आकड्यांबाबत मुलं फार घाबरतात, कारण पुस्तकात एक, गाईडमध्ये दुसरा, मोबाईलवर तिसरा. किल्लारीची महत्ता कुठे ६.२, कुठे ६.४ अशी दिसते, भूजच्या मृतांचे आकडेही वेगवेगळे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, मोजणारे वेगळे. आपल्या पाठ्यपुस्तकातला आकडा धरावा आणि आधी 'सुमारे' लिहावं.

घरी उजळणी घेणाऱ्या आई-बाबांनी पुस्तक हातात धरून "तारीख सांग, महत्ता सांग" असं विचारू नये. जगाचा कोरा नकाशा द्या आणि ठिकाण दाखवायला सांगा. मग एवढंच विचारा : तेव्हा किती वाजले होते, माणसं कुठे होती, डोक्यावर काय होतं, आणि आधी कोणाला काय माहीत होतं? दहा मिनिटं पुरतात. मूल अडलं की उत्तर देऊ नका, घर काढायला सांगा. तारखा शेवटी, एका छोट्या कागदावर. सात नावं, सात तारखा. तो कागद परीक्षेच्या सकाळी वाचायचा.

त्या मुलीला मी तिचा पेपर परत दिला आणि पुन्हा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. डाव्या पानावर कोयना, उजव्या पानावर किल्लारी. डावीकडे डोंगर, धरण आणि भेगेत शिरणारं पाणी. उजवीकडे माळवदाचं घर, आत झोपलेली माणसं आणि कोपऱ्यात घड्याळ, चारला चार मिनिटं कमी. तारखा दोन्ही पानांवर खाली बारीक अक्षरात होत्या. बरोबर होत्या.